मान वर झाली की थांबायचं

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या पाणथळावर पोचल्यावर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी वारा कुठून येतोय ते बघावं. पक्षी वाऱ्याला सामोरे होऊन उडतात आणि उतरतातही तसेच. वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असले, तर थवा आपल्याकडे तोंड करून उठतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यात उजेड असतो. वारा समोरून आला, तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात. दोन्ही गोष्टी एकाच काठावर क्वचितच जुळतात. नाही जुळल्या, तर मी सूर्याची बाजू धरतो. उडणारा पक्षी हुकला तरी पोहणारा, चरणारा, पिसं साफ करणारा पक्षी असतोच, आणि त्याला चांगला उजेड लागतो.

हा भाग निफाड तालुक्यातला, आणि इथल्या थंडीची बातमी दरवर्षी पेपरात येते. पारा फारच उतरला की बागायतदार रात्री द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटवतात आणि पहाटे तो धूर रस्त्यावर रेंगाळत असतो. चापडगावला गाडी लावून काठाकडे चालायला लागलं की पाणी दिसायच्या आधी आवाज येतात: अडई बदकांची शीळ, वारकरी पक्ष्यांचं तुटक ओरडणं, आणि लांबून चक्रवाकाची हाक.

हे पाणथळ माणसाने ठरवून केलेलं नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. दोन्ही नद्या दर पावसाळ्यात गाळ आणत राहिल्या. बंधाऱ्याची साठवण त्यामुळे घटली, पण त्याच गाळाने उथळ पाणी तयार केलं, बेटं तयार केली, पाणकणसाची दाट बनं वाढवली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून या जागेचं नाव जाहीर झालं. मला यातली गाळाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण फोटोग्राफरचा सगळा दिवस तिच्यावर चालतो. वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी चढते, चिखलाचे पट्टे बुडतात, आणि चिखलात चोची खुपसणारे शेकाटे, तुतवार दुसरीकडे निघून जातात. पातळी उतरली की तेच पट्टे पुन्हा उघडे पडतात आणि बदकं आत सरकतात. गेल्या वेळी जिथे बसून फोटो काढला, तिथेच यावेळी बसायचं हा हिशेब इथे चालत नाही.

म्हणून गाइडला विचारायचं. आसपासच्या गावांतली तरुण मुलं हे काम करतात. खांद्यावर दुर्बिणीचं तिकाटणं असतं आणि कोणता पक्षी आज कुठे आहे हे त्यांना पाठ असतं.

“दादा, पाणी चढलंय का?”

“चढलंय सर. वरून सोडलंय. चिखल सगळा गेला बघा. पाणकोंबड्या मात्र पार काठाला आल्यात.”

तेवढ्या चार वाक्यांवर सकाळ ठरते.

जांभळी पाणकोंबडी इथे इतकी आहे की बरेच जण तिच्याकडे लेन्स वळवतच नाहीत. मी मात्र तिच्यासाठी जमिनीवर आडवा होतो. मूग भरलेली पिशवी खाली ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची, म्हणजे लेन्स पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते आणि मागचं पाणकणीस विरघळून नुसता हिरवा-पिवळा रंग उरतो. उभ्याने काढलेल्या फोटोत तोच पक्षी वरून दाबल्यासारखा दिसतो आणि मागे चिखल येतो. आडवं झाल्यावर वाट बघायची. ती पाणकणसाच्या बुंध्याशी येते, चोचीने एक खोड मुळापासून उपटते, आणि लांबलचक बोटांच्या पायाने ते उचलून, पोराने उसाचं कांडकं धरावं तसं धरून, आतला पांढरा मऊ गाभा खाते. कपाळावरची ढाल, चोच आणि पाय लाल, आणि छातीवरचा निळा-जांभळा रंग कोवळ्या उन्हात पावलागणिक बदलत राहतो. पाय वर, मान खाली, खोड चोचीत: हा एक क्षण मिळावा म्हणून मी अर्धा-पाऊण तास एका जागी पडून असतो. तो वेळ सत्कारणी लागतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या पडून राहण्यातच कामाचं मर्म आहे. अंतर किती असावं हे फोटोग्राफर ठरवत नाही, पक्षी ठरवतो, आणि तो ते मानेने सांगतो. चरणाऱ्या पक्ष्याची मान खाली असते. तो खाणं थांबवून मान ताठ करतो, तेव्हा त्याने आपल्याला पाहिलेलं असतं आणि तो हिशेब करत असतो. आणखी दोन-चार माना वर होऊन एकाच दिशेला वळल्या की पुढचं पाऊल टाकायचं नाही. तिथेच थांबायचं, आणि माना खाली गेल्या नाहीत तर मागे यायचं. हे कुठल्याही पुस्तकापेक्षा वारकरी पक्षी चांगलं शिकवतात. काळे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी इथे मोठ्या संख्येने असतात आणि एरवी पाण्यावर विखुरलेले असतात. माणूस जरा जास्तच जवळ आला की ते सरळ उडत नाहीत, आधी हळूहळू आत सरकतात. अजून पुढे गेलं तर पाण्यावर पाय आपटत, फेस उडवत पळतात. सरकणं दिसलं तेव्हाच आपण थांबायला हवं होतं.

तेच वारकरी दलदली भोवत्या आला की अगदी वेगळे वागतात. भोवत्या पाणकणसावरून कमी उंचीवर, पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून, संथपणे घिरट्या घालत येतो. गाइडने नुसतं “हॅरियर, हॅरियर” म्हटलं तरी मी आधी आकाशात बघत नाही, पाण्यात बघतो. विखुरलेले वारकरी चारी बाजूंनी एकत्र येतात आणि खेटून एक काळी गर्दी करतात. एकटा मागे राहिलेला पक्षी भोवत्याला उचलता येतो, गर्दीतला सहज उचलता येत नाही. थापटे, तलवार बदकं मात्र एकदम उठतात. त्या क्षणी शटर सेकंदाच्या १/२००० किंवा त्याहून जलद हवं, नाहीतर पंखांची टोकं पुसट येतात. पण खरी चित्रं मला पाण्यातल्या त्या काळ्या गर्दीत आणि तिच्यावरून जाणाऱ्या तपकिरी सावलीत दिसतात. शिकारी आणि शिकार दोन्ही एका चौकटीत येतात, आणि हे आपण घडवलेलं नसतं.

उजेडाचं गणितही इथे पक्ष्यागणिक बदलतं. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं धरून चालतो. गडद पाण्यावर पांढरा बगळा आला की कॅमेरा पाण्याच्या हिशेबाने उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून सपाट पांढरी होतात. मग कितीही दुरुस्त्या केल्या तरी पिसांमधल्या रेषा परत येत नाहीत. म्हणून बगळा, शराटी, चमच्या यांच्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवायचं. वारकऱ्याचा काळा रंग आणि कपाळाची पांढरी ढाल एकाच पक्ष्यावर असतात. तिथे मी ढाल सांभाळतो आणि काळ्या पिसांतला थोडा तपशील सोडून देतो.

दहाच्या सुमाराला हे सगळं संपतं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि कितीही महागड्या लेन्समधून दूरचा पक्षी पाण्यात बघितल्यासारखा हलतो. नवीन मंडळी मग फोकसला दोष देत बसतात. दोष हवेचा असतो. दुपारी मी कॅमेरा पिशवीत ठेवून गाइडच्या दुर्बिणीतून नुसते पक्षी बघतो: मुग्धबलाक गोगलगायीच्या शोधात पाय टाकत चालतोय, कमळपक्षी लांब शेपटाशिवाय, हिवाळ्याच्या फिक्या रंगात पाणवनस्पतींवर फिरतोय. पावसाळ्यात याचंच लांब काळं शेपूट आणि मानेमागचा सोनेरी पट्टा दिसतो आणि अंडी नर उबवतो, हे लक्षात ठेवलं तर जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा यायला कारण मिळतं.

याच वेळेला एक गोष्ट नेहमी दिसते आणि मला तिचा मनापासून संताप येतो. कुणीतरी उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवतो, बेटाकडे खडा भिरकावतो. त्या थव्यातले पट्टकादंब हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून इथे आलेले असतात. हिमालय ओलांडताना ते सात हजार मीटरांहून जास्त उंचीवर उडाल्याच्या नोंदी आहेत. परत जाण्यासाठी अंगावर चरबी साठवायला त्यांना हिवाळ्याचे काही महिनेच मिळतात. प्रत्येक उठवणं म्हणजे त्या साठ्यातून काढलेला घास. शिवाय उठवलेल्या थव्याचा फोटो बघितला की कळतं: माना ताणलेल्या, पंख घाईत, निम्मे पक्षी पाठमोरे. वाट बघणाऱ्याला यापेक्षा चांगला फोटो मिळतो, कारण हंस उठायच्या आधी स्वतःच सूचना देतात. चरता चरता एकजण डोकं झटकतो, मग दुसरा, मग आवाज वाढतात आणि सगळा कळप वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. तेवढ्यात लेन्स सरळ करायला भरपूर वेळ असतो.

संध्याकाळी हंस आसपासच्या गव्हा-हरभऱ्याच्या शेतांकडे निघतात. उजेड उतरत असतो, आयएसओ वाढवावा लागतो, फोटो दाणेदार येतात. सुंदर म्हणून दाखवावेत असे त्यात फारच थोडे असतात.

रात्री निवड करताना पाणकोंबडीचे आणि बगळ्यांचे फोटो मी निर्दयपणे उडवतो. डोळा तीक्ष्ण नसेल तर फोटो ठेवायचा नाही. हंसांचे फोटो मात्र कितीही दाणेदार असले तरी मोठे करून एकेक मान आणि एकेक पाय तपासतो. मंगोलियात काही हंसांच्या मानेत अक्षरं लिहिलेली रंगीत पट्टी घालतात, आपल्याकडे पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं काम बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) वर्षानुवर्षे करत आली आहे. फोटोत त्यावरची अक्षरं वाचता आली, तर तो पक्षी कुठून निघाला आणि केव्हा कुठे दिसला याची साखळी जुळते. अशी पट्टी दिसली की मूळ फाइल तारीख, वेळ आणि काठाची नेमकी जागा लिहून बीएनएचएसला पाठवायची. म्हणून थव्याच्या फोटोंचं फोल्डर मी माना-पाय बघून झाल्याशिवाय पुसत नाही, आणि बरोबर येणाऱ्या नव्या फोटोग्राफरलाही पहिल्याच दिवशी तसं सांगून ठेवतो.