उताऱ्यात नसलेलं वाचताना

सीयूईटीच्या इंग्रजीच्या पेपरात जास्तीत जास्त साडेतीनशे शब्दांचा उतारा येतो. दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, बनारस हिंदू विद्यापीठ अशा ठिकाणच्या पदवी प्रवेशासाठी २०२२पासून ही परीक्षा होते. अभ्यासक्रमात उताऱ्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत : माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक. २०२५च्या आराखड्यानुसार ५० प्रश्न आणि ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. बारावीची मुलगी संगणकासमोर बसते, उतारा वाचते, चारांतल्या एका पर्यायावर क्लिक करते. बाहेरून बघणाऱ्याला यात बघण्यासारखं काहीही नाही. पर्यवेक्षक जांभया देतात ते उगाच नव्हे. पण त्या मिनिट-दीड मिनिटात तिच्या डोळ्यांत आणि डोक्यात जे चाललेलं असतं ते उलगडायला माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली, आणि अजून ते पुरतं उलगडलेलं नाही.

डोळ्यांपासून सुरुवात करू. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून सरळ सरकत जाते. ती सरकत नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद टेकते, मग सात-आठ अक्षरं ओलांडून पुढे पडते. उडी चालू असताना, सेकंदाच्या पाव-अर्ध्या दशांशात, आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मेंदू ते पुसट दृश्य जमेतच धरत नाही. टेकल्यावर तरी किती दिसावं? इंग्रजी वाचणाऱ्याला नजरेच्या डावीकडची तीन-चार अक्षरं आणि उजवीकडची चौदा-पंधरा. त्यातलीही टोकाची इतकी अंधुक की पुढचा शब्द लांब आहे की आखूड, एवढंच कळावं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून हिब्रू वाचताना ही खिडकी डावीकडे जास्त उघडी असते. इस्रायलमधल्या दोन्ही भाषा येणाऱ्यांवर १९८१ साली प्रयोग झाले, तेव्हा दिसलं की माणूस तोच, डोळे तेच, पण हिब्रू सोडून इंग्रजी वाचायला घेतलं की खिडकी बाजू बदलते. आपण काहीतरी बदललं याचा त्या माणसाला पत्ताही नसतो.

हे शोधणारेही विलक्षण होते. एडमंड ह्यूई या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्लास्टर ऑफ पॅरिसची इवलीशी वाटी वाचणाऱ्याच्या बुबुळावर बसवली, तिला अ‍ॅल्युमिनियमचा काटा जोडला आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर डोळ्याच्या उड्या उमटवून घेतल्या. वाचनावरचं त्याचं पुस्तक १९०८ साली आलं. आज हेच काम कॅमेरा करतो, आणि वाचणाऱ्याला नुसतं हनुवटी टेकून बसावं लागतं.

या उड्यांमधल्या दहा-पंधरा टक्के मागच्या दिशेच्या असतात. झटपट वाचन शिकवणाऱ्या क्लासांना या उलट्या उड्यांचा फार राग. मागे वळू नका, मनात शब्द उच्चारू नका, बोट फिरवा आणि पुढे पळा, असा मंत्र देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या संशोधकांनी २०१४ साली हा मंत्रच पडद्यावर तपासला. नजर एखादा शब्द ओलांडून गेली की तो शब्द झाकून टाकायचा, म्हणजे परत जाऊन काही मिळणारच नाही. वाचणाऱ्यांचं आकलन घसरलं. मागे जाणारा डोळा आळशी नसतो. आत्ता जुळवलेला अर्थ पुढच्या शब्दाशी बसेना, हे त्याला आधी कळलेलं असतं. मनातल्या उच्चाराचंही तेच. तो बंद पाडला तर अवघड वाक्यं हातातून निसटतात. तेव्हा वेग हवा असेल तर तो शब्द ओळखीचे होण्यातून येतो. डोळ्यांना दटावून येत नाही.

इथवरची गोष्ट अक्षरांची. खरी चक्रावणारी गोष्ट यापुढे आहे.

१९७२ साली मानसशास्त्रज्ञ जॉन ब्रान्सफोर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना साधीसुधी वाक्यं ऐकवली. एका वाक्यात तीन कासवं पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यावर विसावली होती आणि त्यांच्या खालून एक मासा पोहत गेला होता. थोड्या वेळाने विचारलं : मासा ओंडक्याच्या खालून गेला, असं वाक्य तुम्ही ऐकलंत का? लोक खुशाल हो म्हणाले. तसं वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं. पण कासवं ओंडक्यावर आणि मासा कासवांखाली, तर मासा ओंडक्याखालीही असणारच. ऐकणाऱ्यांनी शब्द साठवले नव्हते, तळं उभं केलं होतं, आणि नंतर ते त्या तळ्याकडे बघून उत्तरं देत होते. आपण वाचतो तेव्हा हेच करतो. कागदावर अर्धंमुर्धं असतं. उरलेलं आपण घालतो आणि आपण घातलेलं कुठलं नि छापलेलं कुठलं, हे विसरून जातो.

प्रवेश परीक्षेचा पेपर काढणाऱ्याला हे विसरणं चांगलं ठाऊक असतं. त्याचे तीन चुकीचे पर्याय त्यावरच उभे असतात. समजा, उताऱ्यात असं आहे : ठिबक सिंचन घेतलेल्या काही शेतकऱ्यांना एकरी पाणी कमी लागलं; पण वाचलेल्या पाण्यावर त्यांनी आणखी जमीन उसाखाली आणली, त्यामुळे एकूण वापर कमी झाला नाही. प्रश्न : यावरून काय निष्कर्ष निघतो? पहिला पर्याय म्हणतो, ठिबकने पाणी वाचत नाही. यात उताऱ्याचं शेपूट आहे, डोकं गायब. दुसरा म्हणतो, ठिबक घेणारे सगळे शेतकरी ऊस वाढवतात. इथे 'काही'चे गुपचूप 'सगळे' झाले. तिसरा म्हणतो, उसावर बंधन घालायला हवं. सांगलीच्या किंवा लातूरच्या वाचकाला हे मनापासून पटेल, आणि तिथेच तो फसेल. लेखक तसं कुठेच म्हणालेला नाही. चौथा रुक्ष आहे : एकरी बचत झाली तरी एकूण वापर घटेलच असं नाही. बरोबर उत्तर बहुतेक वेळा असंच रुक्ष असतं, कारण सिद्ध होईल तेवढंच ते बोलतं.

पर्यायांचा हा स्वभाव इतका ठरून गेलेला आहे की कधी कधी उताऱ्यावाचूनही तो ओळखू येतो. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेचे उताऱ्यांवरचे प्रश्न संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारा न देता सोडवायला दिले. १९९० साली छापून आलेल्या त्या प्रयोगात मुलांना निव्वळ अंदाजाने मिळावेत त्याहून पुष्कळ जास्त गुण मिळाले. परीक्षा घेणाऱ्यांनी यावर लाजायला हरकत नव्हती.

चुकीची उत्तरं मौल्यवान असतात, हे फार पूर्वी ओळखलं ते कोलंबिया विद्यापीठातल्या एडवर्ड थॉर्नडाइकने. १९१७ साली त्याने शाळेतल्या मुलांना एक छोटा परिच्छेद दिला. फ्रँकलिन नावाच्या गावात सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाने शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हजर राहायचं, असा नियम. अपवाद तीन, मूल फार आजारी असेल, घरात कुणाला संसर्गजन्य रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तर. मग विचारलं, परिच्छेद कशाबद्दल आहे? काहींनी नुसतं 'फ्रँकलिन' लिहिलं. एका उत्तरात तर थोर संशोधक अवतरला. बेंजामिन फ्रँकलिन! शिक्षकाने लाल रेघ मारून विषय संपवला असता. थॉर्नडाइकने मात्र या उत्तरांचे तक्ते केले आणि त्यांतून त्याला दिसलं की मूल रिकाम्या डोक्याने उत्तर देत नाही. एखाद्या शब्दाला गरजेपेक्षा जास्त वजन मिळतं, दुसऱ्याला कमी, आणि सगळा परिच्छेद एका बाजूला कलतो. परिच्छेद समजणं हे गणित सोडवण्यासारखं काम आहे, असं त्याने मांडलं : योग्य ते घटक निवडायचे आणि प्रत्येकाला त्याचं वजन द्यायचं.

त्या परिच्छेदाची इंग्रजी घडण बघितली तर मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची एक वेगळी अडचणही कळते. इंग्रजीत निकाल आधी आणि अटी मागून लटकत येतात. आपल्याकडे अटी आधी सांगून होतात. क्रियापद आणि 'नाही' शेवटी. मराठी वाचक निकालासाठी थांबायला शिकलेला असतो. निकाल कळल्यावर पुढे वाचायला नव्हे. मला वाटतं, 'अनलेस' आणि 'एक्सेप्ट'च्या पुढचा भाग हातून निसटतो त्याला हे एक कारण असावं. शब्दसंग्रह वाढवून ते दूर होत नाही. वाक्याची शेपटं वाचायची सवयच लावावी लागते.

आता आणखी एक गोष्ट, क्लासांच्या जाहिरातींना न मानवणारी. १९८८ साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर तो डाव मांडून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या बरीच पुढे निघाली. क्रिकेटच्या बातमीवर नजर टाका, म्हणजे हे पटेल. नाइट वॉचमन आठव्या षटकात सिली पॉइंटला झेल देऊन परतला, या वाक्यात गल्लीतलं पोरही संध्याकाळची वेळ, जाणारा उजेड आणि कप्तानाची काळजी आपणहून भरतं. इंग्रजीचा नामवंत प्राध्यापक, क्रिकेट पाहिलेलं नसेल तर, सगळे शब्द वाचूनही बाहेरच उभा राहतो.

म्हणजे आकलन नावाचं सुटं कौशल्य फारच थोडं असतं. पुष्कळसं आकलन म्हणजे जग माहीत असणं. मधमाश्या, कर्ज, मोसमी वारे, वसाहती, लस, न्यायालयं यांबद्दल मराठीत वाचलेलंही इंग्रजी उताऱ्यात उपयोगी पडतं, कारण ते तळं उभं करायला कुठल्या भाषेतून आलेलं पाणी आहे हे मेंदू विचारत नाही. सरावसंचांच्या गठ्ठ्यापेक्षा रोजचा अग्रलेख आणि विज्ञानाचं एखादं पान, हा सल्ला जुनाट वाटतो खरा, पण प्रयोगाने त्याला दुजोरा दिलेला आहे.

सराव करूच नये असं मात्र नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्याबद्दल आणि एक समुद्री ऊदमांजराबद्दल. काहींनी उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तिन्हींत कोऱ्या कागदावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी की आपल्याला जास्त लक्षात राहील, ही खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. प्रयोग स्मरणाचा आहे, आकलनाचा नाही, हे खरं. तरी सरावाला त्यातून एक चांगली रीत मिळते : उतारा झाकायचा, लेखक काय म्हणाला ते दोन वाक्यांत मराठीत सांगायचं, आणि मगच प्रश्नांकडे वळायचं. सांगता आलं नाही तर पर्याय बघण्यात अर्थ नाही. ते आपल्या डोक्यात नसलेलं तळं तयार करून देतात.

आणि चुकलेल्या प्रश्नापुढे नुसता बरोबर पर्याय लिहून ठेवणं वाया आहे. आपण निवडलेल्या चुकीच्या पर्यायात आपल्याला काय पटलं, ते लिहावं. कुणाच्या वहीत दर वेळी 'काही'चं 'सगळे' झालेलं सापडेल, कुणाच्या वहीत आपलं मत लेखकाच्या तोंडी घातलेलं. मला तर ही वही सुटलेल्या उत्तरांच्या वहीपेक्षा कितीतरी रंजक वाटते.

गुणांचा हिशेबही याच बाजूने आहे. सीयूईटीत बरोबर उत्तराला पाच गुण, चुकीला एक वजा. चारांत डोळे मिटून बोट ठेवलं तर सरासरीने अर्धा गुण पडतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर एक गुण, दोन बाद झाले तर दोन. उरलेल्या दोघांतला फरक बहुधा एकाच शब्दाचा असतो, आणि तो कुठल्या ओळीत आहे हे बघायला नजरेला मागे उडी मारावी लागते. ७२ सेकंदांत तेवढा वेळ असतो.