शब्द शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचला का?

आंबेडकरी समाजाला गाण्याचे वेड आजचे नाही. ज्यांना शाळेच्या दाराबाहेर बसवले गेले, त्यांनी आपला इतिहास गाण्यातून पाठ केला. बाबासाहेबांच्या हयातीतच भीमराव कर्डक यांच्यासारखे शाहीर जलसे घेऊन गावोगाव फिरले. आपल्या अनेक भाषणांचे काम एक जलसा करतो, असे खुद्द बाबासाहेब म्हणत, असे जुनी माणसे सांगतात. म्हणून आपल्याकडे गायकाचा कार्यक्रम ही नुसती करमणूक नसते. गायकाची पारखही आपणच नीट केली पाहिजे.

हे लिहिण्यास कारण घडले ते यंदाच्या भीमजयंतीचे. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी आदर्श शिंदे यांच्या गायनाचा कार्यक्रम झाला. उत्सव समितीच्या जमाखर्चाची वही आमच्याकडे असते, त्यामुळे वर्गणीची पहिली पावती फाडण्यापासून शेवटची सतरंजी गुंडाळण्यापर्यंत आम्ही तेथे होतो. टीव्हीवर आणि मोबाईलवर ऐकलेला आवाज समोर बसून ऐकायची आमची ही पहिलीच वेळ.

आदर्श शिंदे कोण, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आजोबा प्रल्हाद शिंदे, वडील आनंद शिंदे, काका मिलिंद शिंदे. कव्वाली, भीमगीत आणि भक्तिगीत या तिन्हींत या घराण्याचा आवाज फिरला. १९८०च्या दशकात टेपरेकॉर्डर वस्तीत आला तेव्हा आनंद शिंदेंच्या 'पोपटा'ने पानठेला आणि लग्नाचा मांडव दोन्ही गाजवले. तिसऱ्या पिढीतील आदर्श यांना २०१३च्या 'दुनियादारी' चित्रपटाने महाराष्ट्रभर पोचवले. २०१९ साली बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका टीव्हीवर सुरू झाली आणि तिच्या शीर्षकगीतातला त्यांचा आवाज रोज संध्याकाळी आपल्या घराघरात आला. आमच्या वस्तीत तर ते गाणे लागले की लहान मुले खेळ सोडून आत पळत.

कार्यक्रमाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाले आणि प्रथेप्रमाणे स्थानिक गायकांना मंच दिला. आमच्या वस्तीत एक गायकदादा आहेत. दिवसा मजुरी आणि रात्री विहारात पेटी. गाणी स्वतःच रचतात. त्यांना अर्धा तास देण्याचे ठरले होते. परंतु भाषणे लांबली. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक सर्वांना माहीत आहे. दहाचा काटा समोर दिसू लागला आणि समितीने दादांना 'आटोपते घ्या' अशी चिठ्ठी पाठवली. ती चिठ्ठी आम्हीच लिहिली. दादा दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर थांबले. पेटीचा भाता बंद करून खाली उतरले आणि आम्हालाच म्हणाले, "काही हरकत नाही भाऊ, पावन्याची वेळ हाय." पूर्ण बारा मिनिटेही त्यांना मिळाली नाहीत.

मग पाहुणे गायक मंचावर आले आणि मैदान उभे राहिले. आवाज खडा आहे, यात शंकाच नाही. वरच्या पट्टीत स्वर फाटत नाही, श्वास तुटत नाही. कव्वालीतल्या गायकासारखी ओळ अशी फेकतात की ऐकणाऱ्याची टाळी आपोआप पडते. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही मंचाजवळ उभे होतो. छातीत ढोल वाजत होता, तरुण नाचत होते, निळे झेंडे फिरत होते. आमचेही पाय थोडे हलले, हे कबूल करतो.

नंतर पाण्याचे जग घेऊन आम्ही मैदानाच्या मागच्या टोकाला गेलो. तेथे पांढऱ्या साड्यांतल्या आयाबाया सतरंजीवर बसल्या होत्या. दुपारपासून जागा धरून बसलेल्या, कोणी तूर-कापसाच्या वावरातून थेट आलेल्या. आमच्या आईशेजारच्या एका आजींनी आमचा हात धरून विचारले, "काय म्हनून रायला भाऊ तो? बाबासाहेबाचं नाव तेवढं आयकू येते, बाकी समदं धमधम."

आम्ही कान देऊन ऐकले. आजींचे खरे होते. सगळे बॉक्स आम्ही मंचाच्या दोन बाजूंना रचले होते. पुढच्यांचे कान बधिर आणि मागच्यांपर्यंत केवळ ढोलाची धडक. तरुणांचा आग्रह 'वाढवा, वाढवा' असा होता आणि समितीने त्यांना एकदाही नाही म्हटले नाही. गंमत अशी की २०१६च्या 'पोश्टर गर्ल' चित्रपटात डीजेला आवाज वाढवायला सांगणारे गाणे आनंद आणि आदर्श या बापलेकांनीच गायले आहे. ते लग्नाच्या वरातीत शोभते. जयंतीच्या मैदानावर ते आम्ही अमलात आणले, त्याला गायक काय करील?

परंतु पुढे एक संथ गाणे आले आणि वाद्ये थांबली. गायकाने माईक ओठांजवळ घेतला आणि आवाज अगदी खाली आणला. मैदान शांत झाले. मागच्या सतरंजीवर शब्दन्‌शब्द आला. आमच्या शेजारच्या आजींनी पदर डोळ्यांना लावला. या गायकाची खरी ताकद आम्हाला त्या चार-पाच मिनिटांत कळली. मोठ्याने गाणारे पुष्कळ असतात. हळू गाऊन हजारो माणसांना गप्प करणारा गायक क्वचित भेटतो.

याला इतिहासही आहे. लाऊडस्पीकर नव्हता तेव्हा गायकाला गळा ताणूनच गावे लागे, कारण शेवटच्या माणसापर्यंत पोचणे हे त्याच्या छातीवर अवलंबून असे. १९२०च्या दशकात मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले. तेव्हा अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक कानाशी बोलल्यासारखे गाऊ लागले. अशा गायकांना तिकडे 'क्रूनर' म्हणतात. आपल्याकडे तलत महमूद आणि मराठीत अरुण दाते हे त्याच हळुवार वाटेचे. सांगायचे एवढेच की, माईक हे यंत्र ओरडण्यासाठी आले नाही. ओरडावे लागू नये म्हणून ते आले. आणि आपण त्याच यंत्राने भिंती हलवतो आहोत.

कार्यक्रमात कोणी एकाने 'दुनियादारी'तल्या देवाच्या गाण्याची फर्माईश केली आणि दुसऱ्यांनी त्याला दटावले. जयंतीच्या मंचावर ती फर्माईश नको, हे आम्हालाही मान्य आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेला आपला समाज आहे. पण तेवढ्यावरून 'हा आपला गायकच नाही' असे म्हणणे आम्हाला पटत नाही. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी आजही वारीत वाजतात आणि त्यांची भीमगीते आपल्या विहारात. कलावंताचे पोट वर्षभर असते, आपण त्याला आठवतो एप्रिलमध्ये. विचाराची कसोटी जरूर लावावी, पण ती लावण्याआधी आपण त्याच्या पोटाची काय सोय केली, हेही स्वतःला विचारावे.

दुसऱ्या दिवशी विहारात मुलांचा वर्ग होता. आम्ही मुलांना विचारले, "काल काय ऐकले?" बहुतेकांनी मोबाईल पुढे केले. त्यातल्या चित्रफितीत गर्दी, दिवे आणि फाटलेला आवाज. शब्द कोणालाच सांगता येईनात. शेवटी सहावीतली एक मुलगी उठली आणि तिने रमाईच्या कष्टांची गोष्ट क्रमाने सांगितली. गोवऱ्या, उपास, लेकरांचे मरण, साहेबांची वाट पाहणे. आम्ही विचारले, "हे कोणत्या गाण्यात होते?" ती म्हणाली, "आपल्या दादांच्या. पण ते अर्धंच झालं ना सर. पुढं काय होतं?"

वाचकहो, आम्हाला उत्तर देता आले नाही. ते गाणे आम्हीच चिठ्ठी पाठवून थांबवले होते.

वामनदादा कर्डकांना अक्षरओळख मोठेपणी झाली, पण त्यांची गाणी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोचली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली, जेमतेम सव्वा महिन्याच्या अंतराने गेले. शाहीर विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले. ही माणसे तयार झाली ती वस्तीवस्तीच्या छोट्या मंचांवर, कोणी तरी त्यांचे गाणे पूर्ण ऐकून घेतले म्हणून. मोठा गायक बोलावण्यात काही चूक नाही. आदर्श शिंदे यांच्यासारखा गायक आपल्यातून निघाला, याचा अभिमानच आहे. पण उद्याचा गायक कोठे घडणार, याची व्यवस्था कोणी करायची?

त्या आठवड्यात आम्ही जमाखर्च मांडायला बसलो. मंडप, बॉक्स, जनरेटर, फलक, मानधन, भोजन, फुलांचे हार, सर्व कलमे होती. 'स्थानिक गायक' हे कलमच नव्हते. दादांच्या नावावर एक शाल तेवढी निघाली. आजवर किती वर्षे ही वही आम्ही लिहितो, पण ही उणीव आमच्या डोळ्यांत कधी आली नाही.

समितीच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडल्या आणि त्या मान्य झाल्या. पहिली, पुढील वर्षी स्थानिक गायकांना पूर्ण वेळ द्यायचा आणि मानधनाचे पाकीट मंचावर चढण्यापूर्वीच हाती द्यायचे. वेळ कापायची तर भाषणांची कापायची. दुसरी, काही बॉक्स मैदानाच्या मध्यावर लावायचे, म्हणजे पुढे आवाज कमी ठेवूनही मागे ऐकू जाईल. तिसरी, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी समितीच्या एका सदस्याने शेवटच्या सतरंजीवर बसायचे, आणि शब्द कळतो असे त्याने हात वर करून सांगितल्यावरच सुरुवात करायची.

तो हात वर करायला आम्ही आमच्या आईला बसवणार आहोत. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण गाण्यातले चुकलेले अक्षर तिला कळते.

दादांच्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली. ते हसले. त्यांनी पेटी काढली, शेजारची पोरे गोळा झाली आणि ते अर्धे राहिलेले गाणे त्यांनी अंगणात, माईकशिवाय, शेवटपर्यंत म्हटले. ती सहावीतली मुलगी सर्वांत पुढे बसली होती.

जयभीम!