व्हिमेंटिन म्हणजे काय? – पेशीचा सांगाडा आणि न भरणारी जखम

गाठीचा तुकडा तपासायला दिला की कधी कधी अहवालात ‘व्हिमेंटिन पॉझिटिव्ह’ असे शब्द येतात आणि घरातले सगळे घाबरतात. म्हणून या वेळी आपण व्हिमेंटिनची ओळख करून घेऊ.

पत्र्याच्या घराला जसा बांबू-वाशांचा सांगाडा असतो, तसा पेशीलाही प्रथिनांच्या बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींत हे धागे मुख्यतः केराटिनचे असतात. आपले केस आणि नखेही केराटिनचीच. या पेशी एकमेकींना घट्ट धरून जागेवर बसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना मात्र फिरावे लागते, ताण सोसावा लागतो. त्यांच्यात व्हिमेंटिनचे धागे असतात. ते खूप ताणले तरी सहज तुटत नाहीत.

गाल चावला गेला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, आजूबाजूच्या पेशी सरकून जखम भरतात. या कामाला व्हिमेंटिन लागते. म्हणजे ते आपले शत्रू नाही.

पण मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, सुपारी यांनी तोंडाला रोजच इजा होत राहिली तर दाह थांबतच नाही. यातली विषारी द्रव्ये पेशींच्या जनुकांनाही बिघडवतात. त्यातून कॅन्सर झाला, की काही बिघडलेल्या पेशी शेजारणींची पकड सोडतात आणि व्हिमेंटिन तयार करू लागतात. मग त्या जागा सोडून मानेतल्या गाठींपर्यंत पोचू शकतात. जखम भरणारे साधनच कॅन्सर पसरायला मदत करते.

तरीही अहवालातल्या त्या एका शब्दावरून कॅन्सर ठरत नाही. गाठ कोणत्या जातीच्या पेशींची आहे हे ओळखायला ती तपासणी असते. अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

आपल्या हातात आहे ते वेळेवर दाखवणे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी झाली, मानेत गाठ लागली, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका; सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही समजूतही चुकीची आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही.

महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. मिश्रीचा डबा मात्र आपल्याच फळीवर असतो. तो आपणच उचलून टाकायचा आहे. आज घरातल्या आईला, आजीला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा आणि एकदा नीट पाहा.