काच खाणारा मासा

सह्याद्रीतल्या ओढ्यात उतरताना ज्या बुळबुळीत थरावरून पाय सटकतो, तो थर नुसता चिकटा नाही. ते कुणाचं तरी जेवण आहे! त्यात डायटम नावाची एकपेशीय शैवालं असतात आणि त्यातल्या प्रत्येकाचं कवच असतं सिलिकाचं. काचही ज्याची बनते, त्याच सिलिकाचं. झाकणाच्या डबीसारखं बसवलेलं.

या डब्या खातो कोण? वीतभरही न भरणारा मळ्या. १८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा त्याचं इथलं नावच शास्त्रीय नावात घेतलं. आज तो ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखला जातो.

मळ्याला पोटाकडून पाहा. तोंड खालच्या बाजूला, आणि खालच्या ओठामागे एक मांसल, गोल चकती. ही चकती दगडाला टेकवली की धो धो पाण्यातही गडी जागचा हलत नाही. मग जबड्याच्या कडक कडेनं तो दगड खरवडत सुटतो.

पण चावणार कशानं? जबड्यात एकही दात नाही! दात आहेत थेट घशात. कवटीच्या तळाशी एक टणक गादी असते, तिच्यावर हे दात घास रगडतात. झिजले की पडतात, जागी नवे येतात, आणि हे जन्मभर चालतं. पुढचं नवल आणखी मोठं: त्याला जठरच नाही. घास गळ्यातून सरळ आतड्यात. शैवालातून सत्त्व काढायचं तर वेळ लागणार, म्हणून आतडं अंगापेक्षा कितीतरी लांब, वेटोळी घालून बसवलेलं.

त्याच्याच कुळातली खडशी, म्हणजे महसीर. दात तसेच घशात, जठर तसंच गायब. पण ती खेकडे, गोगलगायी फोडते आणि काठावरून पडलेली उंबरंही गिळते.

हे खाल्लेलं अंगी लागलं की नाही, हे कसं कळणार? खवल्यावरून! खवल्यांची संख्या लहानपणीच ठरते. मासा वाढला की तेच खवले कडेकडेनं वाढतात आणि त्यांच्यावर बारीक कडी उमटत जातात. भरपूर खायला मिळालं तर कडी विरळ, उपासमारीत दाट. भिंगाखाली धरलेला एक खवला माशाचे बरे-वाईट दिवस सांगतो. मात्र एखादा खवला गळून नवा आला, तर त्याचा मधला भाग कोराच राहतो. गळण्याआधीची कडी त्यात नसतात. म्हणून अभ्यासक एका खवल्यावर कधीच विसंबत नाहीत, एकाच माशाचे अनेक खवले ताडून पाहतात.