मुंबईंतील विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. तेव्हांपासून गांवोगांवचे विद्यार्थी या नगरींत येत आले, आणि पुस्तकांआधीं त्यांस बिऱ्हाड शोधावें लागलें. वसतिगृहांतील जागा मोजक्या. उरलेल्यांस नातलगाची चाळ किंवा ज्ञातीचें बोर्डिंग. दलालाकडे जावें, तर भाड्याआधीं आडनांव आणि आहार यांची चौकशी होते! इतक्या भाषा बोलणाऱ्या शहरास हें शोभत नाहीं.

स्वस्त खोली दूर मिळते. विरार ते चर्चगेट हें अंतर सुमारें ६० किलोमीटर. भाड्यांत वांचतें तें झोपेंतून जातें. जवळची खोली बहुधा दाटीची. विद्यार्थिदशेंत डॉ. आंबेडकर परळच्या डबक चाळींत, सर्व कुटुंबासह एका खोलींत रहात. वडील त्यांस रात्रीं दोनच्या सुमारास अभ्यासास उठवीत. एरवीं तेथें शांतता कोठली?

ज्या श्रोत्यांचीं मुलें यंदा मुंबईस निघालीं असतील, त्यांनीं अनामत देण्यापूर्वीं कागद पाहावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें करार लेखी व नोंदविलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नवखा मुलगा तो कागद मागण्यास संकोचतो, आणि खोली सोडल्यावर अनामत रकमेसाठीं महिनोन्‌महिने हेलपाटे घालतो.