ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड? २४ तास अंगावर राहणाऱ्या ‘होल्टर’ मशीनबद्दल जाणून घ्या

देवळा : कांदा काढणीत वाकून काम करताना अचानक छातीत धडधड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच मिनिटांत सगळं ठीक. दवाखान्यात जाईपर्यंत ठोके जागेवर आलेले असतात, ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. कधी ते खरंही असतं. पण दरवेळी उन्हावर ढकलून चालत नाही. अशा वेळी डॉक्टर ‘होल्टर’ लावायला सांगतात.

ईसीजीत का सापडत नाही?

साधा ईसीजी साधारण १० सेकंदांचा असतो. तेवढ्यात हृदयाचे दहा-बारा ठोके पडतात. दिवसभरात मात्र जवळपास एक लाख ठोके पडतात. बिघाड रात्री दोनला होत असेल, तर सकाळी अकराच्या ईसीजीत तो दिसणार कसा? होल्टर २४ ते ४८ तास प्रत्येक ठोक्याची नोंद ठेवतं.

अमेरिकेतील नॉर्मन होल्टर या शास्त्रज्ञाचं नाव या मशीनला मिळालं. त्यांचं सुरुवातीचं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, ते पाठीवर बांधावं लागे. आता ते मोबाईलपेक्षाही लहान येतं.

लावतात कसं?

छातीवर चिकट पट्ट्या लावून त्यांच्या वायरी मशीनला जोडतात. मशीन कमरेला किंवा गळ्यात अडकवतात. सुई नाही, शॉक नाही, दुखत नाही. छातीवर केस असतील तर तेवढी जागा साफ करतात. जाताना आंघोळ करून जा, अंगाला तेल-पावडर लावू नका. पुढून बटणाचा सैल शर्ट किंवा ब्लाऊज बरा पडतो.

त्या दिवशी झोपून राहू नका

मशीन लावलं की काही जण दिवसभर खाटेवर पडून राहतात. मग तपासणीचा उपयोगच होत नाही. ज्या कामात त्रास होतो, ते काम त्या दिवशीही व्हायला हवं. रोजचं चालणं, गुरांचं चारापाणी, स्वयंपाक, रात्रीची झोप सगळं नेहमीसारखं ठेवा. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मात्र आधी चक्कर येऊन पडला असाल, तर मोटारसायकल, ट्रॅक्टर आणि विहिरीत उतरणं टाळाच.

एवढं सांभाळा

- मशीन भिजवू नका. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने हातपाय पुसा.
- पाठीवरचा फवारणी पंप नको. पट्ट्याने वायरी ओढल्या जातात.
- वेल्डिंग, ट्रान्सफॉर्मर आणि मोठ्या चुंबकापासून लांब राहा. मोबाईल मशीनला चिकटून ठेवू नका.
- घामाने पट्टी सुटली तर लगेच दवाखान्यात फोन करा.

वही सर्वात महत्त्वाची

त्रास झाला की वेळ आणि त्या वेळी काय करत होतात ते लिहा. उदा. ‘दुपारी ३.१०, गोणी उचलली, धडधड.’ लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा. मशीनला बटण असेल तर तेही दाबा. वहीतली वेळ आणि मशीनमधली नोंद जुळवूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

निघतं काय?

ठोके फार संथ असतील किंवा मध्येच थांबत असतील, तर काहींना पेसमेकर लागतो. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत असतील, तर आत रक्ताची गुठळी होऊन लकव्याचा धोका असतो. तो गोळ्यांनी बराच कमी करता येतो. पुष्कळांच्या बाबतीत काहीच गंभीर निघत नाही. पण त्या दिवशी त्रासच झाला नसेल, तर नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका. डॉक्टर जास्त दिवसांची तपासणी सांगू शकतात. स्मार्ट घड्याळ इशारा देऊ शकतं, पण ते होल्टरची जागा घेत नाही.

कुठे विचारायचं?

आधी ग्रामीण रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, होल्टर कुठे होतं ते तिथून कळेल. खासगीत आधी दर विचारा. पुढे उपचार लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

होल्टर ठोक्यांची लय दाखवतं, नसांमधलं ब्लॉकेज शोधायची ती तपासणी नाही. छातीत दाबल्यासारखं दुखणं, दरदरून घाम, दम लागणं किंवा शुद्ध हरपणं असं काही झालं, तर मशीन अंगावर असो वा नसो, थेट १०८ ला फोन करा.