कूलर चालणार नाही

सकाळी ६.३०
नवतपा लागलाय. ऊन चढायच्या आत अमरावती रोडवरची प्रयोगशाळा गाठायची, म्हणून तर्री-पोहे उभ्याउभ्याच खाल्ले.

७.००
फिल्म बनवायच्या निर्वात चेंबरचा रोटरी पंप सुरू, मग डिफ्यूजन पंप. दाब १०⁻⁶ मिलिबारवर उतरेपर्यंत तीन तास वाट पाहायची. नवा मुलगा घाम पुसत म्हणाला, "ताई, कूलर लावू का? एसी काहीच करून नाही राहिला."
"कूलर चालणार नाही रे."
ओली हवा चेंबरच्या भिंतींना चिकटली की पंप तीच उपसत बसतो. शिवाय पाणी हायड्रोजन बंध जुळवण्यात पटाईत. आपण फिल्ममधल्या रेणूंचे असेच बंध तपासणार. त्यात पाणीच शिरलं, तर आपण नेमकं काय मोजलं?

१०.१५
मोलिब्डेनमच्या बोटीत, म्हणजे होडीसारख्या छोट्या भांड्यात, चिमूटभर क्विनाक्रिडोन. १९५८मध्ये ड्यूपॉन्टनं बाजारात आणलेलं हे लाल-जांभळं रंगद्रव्य गाड्यांच्या रंगात वापरतात. बोट तापली की पूड न वितळता थेट उडते आणि काचेवर बसते. सेकंदाला अर्धा अँगस्ट्रॉम या वेगानं ५० नॅनोमीटरचा थर व्हायला १७ मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुणी माझ्याशी बोलायचं नाही.

१२.३०
बोट निवेपर्यंत डबा.

१.३०
वर्णपटमापक. एका कुपीत डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये जेमतेम विरघळलेलं क्विनाक्रिडोन, पिवळट-नारिंगी. शेजारी सकाळची फिल्म, गुलाबी-जांभळी. रेणू तोच! द्रावणात तो सुटा असतो. फिल्ममध्ये एकाचा एन-एच गट दुसऱ्याच्या कार्बोनिलला धरतो आणि हायड्रोजन बंधांची साखळी जुळते. हे बंध साध्या सहसंयुजी बंधांपुढे किरकोळ, पण त्यांच्यामुळे रेणू ठरावीक अंतरावर, ठरावीक कोनात बसतात. मग एकात उठलेली उत्तेजना शेजाऱ्यांत पसरते आणि शोषणाचा पट्टा तांबड्याकडे सरकतो.

३.००
उलटतपासणी. ज्याच्या दोन्ही एन-एचमधला हायड्रोजन काढून मिथाइल बसवलाय, त्या भावंडाची फिल्म. धरायला हातच नाहीत. पट्टा तुलनेनं कमी सरकला.

४.१५
अवरक्त वर्णपट. क्विनाक्रिडोनच्या फिल्ममध्ये एन-एचचं शिखर खाली उतरलंय. हायड्रोजन पलीकडे ओढला गेला, की मूळचा बंध सैल पडतो.

५.३०
वही. रंगावरून प्रकाश शोषायला लागणारी ऊर्जा कळते. इलेक्ट्रॉन ज्या दोन ऊर्जा-पायऱ्यांमध्ये उडी मारतो, त्या वर गेल्या की खाली, ते कळत नाही. त्यासाठी प्रकाशानं इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजावी लागते. इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर तशी सोय आहे. नमुने सिलिका जेलसोबत डबीत बंद केले.

रात्री ९.००
घरी पोचताच कूलर लावला. वाळ्याच्या ओल्या वासानं खोली भरली. पाण्याचे रेणू एकमेकांचे हायड्रोजन बंध तोडून हवेत निघतात आणि त्या तोडण्याची किंमत हवेतल्या उष्णतेनं चुकती करतात. म्हणून गार वाटतं. दिवसभर ज्याला दाराबाहेर ठेवलं, त्याच्याच झोतात आता पाय पसरून पडलेय.